बांधकामाची धूळ मोजायची तर गच्चीवर बादली ठेवा

शेजारी टॉवरचं काम सुरू झालं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवा मोजायच्या छोट्या यंत्राचे आकडे येऊ लागतात. तक्रारीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. ही स्वस्तातली यंत्रं लेझरच्या उजेडात बारीक कण टिपतात, म्हणजे मुख्यतः धूर. सिमेंट-रेतीचे जाड कण त्या इवल्याशा पंख्याने नीट आत ओढलेच जात नाहीत, आणि स्क्रीनवरचा पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा बराचसा अंदाजाचा असतो. शिवाय थंडीत पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं प्रमाण, सगळ्या मुंबईतच चढतं. 'हवाच खराब आहे' म्हणायला बिल्डर मोकळा.

खाली बसणारी धूळ मात्र तोलता येते. २५ सेंटिमीटर तोंडाची बादली गच्चीवर, कठड्याच्या वर तोंड येईल अशी, स्टुलाला घट्ट बांधा. आत दोन लिटर पाणी, नाहीतर बसलेली धूळ वाऱ्याने परत उडते. तशीच दुसरी बादली किलोमीटरभर लांब, आसपास बांधकाम नसलेल्या गच्चीवर. तिच्याशिवाय पहिलीच्या आकड्याला अर्थ नाही. काठावर उभ्या तारा लावा. कबुतराची एक शिट महिन्याचं काम वाया घालवते. दर पाच दिवसांनी पाणी झाकणाच्या कॅनमध्ये ओतून बादली विसळा आणि नवं पाणी भरा. डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस बिल्डरऐवजी सोसायटीलाच यायची! पावसाळ्यात हा उद्योग नको.

३० दिवसांनी पाला-किडे चाळणीने काढून कॅनमधलं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. पेपर दमट हवेत ओल धरतो आणि वजन फसतं. म्हणून गाळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर तासभर वाळवून, हवाबंद डब्यात गार करूनच तोला. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा पुरतो. बादलीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०४९ चौरस मीटर. वजनात ०.४४ ग्रॅमचा फरक आला, तर दर चौरस मीटरला रोज सुमारे ३०० मिलिग्रॅम धूळ पडली.

दोन बादल्यांतली तफावत अर्जात पहिल्या ओळीत लिहा, पण खरा जोर नियमांवर द्या. मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रा लागतो. बांधकामाला चारही बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री, तोडकाम चालू असताना सतत पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं, हेही त्यात आहे. 'धुळीचा त्रास होतो' अशा अर्जावर कनिष्ठ अभियंता पाहणी करून 'पाणी मारलेलं आढळले' असा शेरा मारतो. त्याऐवजी एकेका सूचनेखाली तारीख, वेळ आणि फोटो जोडा. अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, आवक क्रमांक घ्या. धावत्या डंपरचा फोटो कुचकामी. चिखल लागलेली चाकं, नंबरप्लेट आणि साइटच्या गेटवरची पाटी एकाच चौकटीत यायला हवी.