स्लॉट मशीनमधलं घड्याळ

आजचा रविवार 1930च्या दशकातल्या यांत्रिक स्लॉट मशीनच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राच्या, घड्याळात गेला. हे वेळ दाखवत नाही. दांडा ओढला की याचा पंखा फिरतो आणि तिन्ही रिळं (चित्रांची चाकं) ठरावीक अंतराने एकेक करून थांबतात. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं की पंखा अडखळतो, रिळं फिरतच राहतात. मग लोक स्प्रिंग ताणतात. कृपा करून ताणू नका, दोष मळाचा असतो!

घड्याळ सोडवून टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवा, मऊ ब्रशने चाकांचे दात घासा, पूर्ण वाळवा. पिव्हटला, म्हणजे चाकांच्या आसांच्या टोकांना, घड्याळाच्या तेलाचा एकेकच थेंब. दात कोरडेच ठेवा, तेलावर धूळ चिकटते. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या पोलादी भागांवर मात्र तेलाचा पुसट हात हवाच. दांडा अडला तर जोर लावू नका; आधी नाण्याच्या वाटेत अडकलेलं नाणं शोधा.