हमीपत्र सगळ्यात खाली

मंगळवार, २ जुलै २०२४. सकाळी सव्वानऊला शटर वर केलं तेव्हा दुकानापुढं वीस-बावीस बायका उभ्या होत्या. बार्शीत तहसीलच्या समोरच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे गर्दीची सवय आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की अशीच झुंबड असते. पण तेव्हा पोरं असतात, घाईत असतात, ओरडतात. या बायका शांत होत्या. प्रत्येकीच्या हातात साडीच्या दुकानाची किंवा बी-बियाण्याची पिशवी, आत आधार, रेशनकार्ड, पासबुक, दोन फोटो. पेरण्या उरकून आल्या होत्या बहुतेकजणी, चपलांना चिखल तसाच होता.

शुक्रवारी, २८ जूनला, लाडकी बहीण योजना अर्थसंकल्पात जाहीर झाली. शासन निर्णयही त्याच तारखेचा. महिन्याला १५०० रुपये, अर्ज सोमवारपासून, शेवटची तारीख १५ जुलै. पंधरा दिवसांत रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हटल्यावर तहसीलसमोर काय होणार ते मला शुक्रवारीच दिसलं होतं. म्हणून त्याच रात्री मी माझ्या ब्लॉगवर लेख लिहिला.

हा माझा दुसरा धंदा. २०१९मध्ये ब्लॉग सुरू केला, तोही वैतागून. दिवसातून दहा वेळा तेच प्रश्न: सातबारा कुठून काढायचा, फेरफारला किती दिवस लागतात, वारस नोंदीला काय कागद लागतात. एकदा लिहून ठेवावं म्हटलं. गूगलच्या ॲडसेन्सच्या जाहिराती मराठी पानांना २०१८मध्येच मिळू लागल्या होत्या, मग अर्ज करून टाकला. दहा डॉलर झाले की ते पत्ता पडताळायला पोस्टानं पिन पाठवतात. ते पत्र पोस्टमननं मामंजींच्या हातात दिलं, आणि त्यांनी दोन दिवस ते देव्हाऱ्यातल्या खणात ठेवून दिलं, सुनेनं परदेशात काही कर्जबिर्ज काढलंय की काय या धास्तीनं.

कमाई कसली, चेष्टाच होती. दिवसाला तीनशे-चारशे वाचक, महिन्याला दहा-बारा डॉलर. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, म्हणजे वर्षातून एकदा, जेमतेम. डोमेनचं नूतनीकरण आणि एक टोनर, संपले पैसे. नवरा म्हणायचा, त्यापेक्षा रात्री लॅमिनेशन कर. हिशोबानं त्याचं बरोबरच होतं.

आणि आता हे. सोमवारी माझं पान २८ हजार वेळा उघडलं गेलं होतं. मंगळवारी सकाळी चहा घेताना मोबाइलवर बघितलं तर त्या घडीला ११४० माणसं साइटवर होती. अकराशे चाळीस! माझ्या दुकानात एका वेळी आठ माणसं मावतात.

त्या लेखाची रचना मी विचार करून केली होती, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ब्लॉगवर चार वर्षांत एक गोष्ट कळली होती. उत्तर वर दिलं की माणूस ते वाचून जातो, खालच्या जाहिराती त्याला दिसतच नाहीत. २०२४च्या सुरुवातीपासून तर ॲडसेन्सनं पैसे क्लिकवर न मोजता जाहिरात किती वेळा दिसली त्यावर मोजायला सुरुवात केली होती. म्हणून मी आधी योजनेची प्रस्तावना घातली, मग उद्देश, मग 'ही योजना का महत्त्वाची' असली दोन पानं पाणी घातलेली आमटी. मग पात्रता, मग कागदपत्रं. आणि बायकांना खरं हवं होतं ते, अर्जाला जोडायच्या हमीपत्राचं पीडीएफ, सगळ्यात खाली. मध्ये पाच जाहिराती. सगळे असंच करतात. मीही केलं.

साडेअकराच्या सुमारास वैरागकडच्या एका गावातल्या सासू-सुना काउंटरवर आल्या. सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या, आधारवर तसं स्पष्टच होतं. मी सांगितलं, "आत्या, वयाची अट साठची आहे, तुमचं नाही बसत." त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून काढलेलं आधार परत फडक्यात गुंडाळलं आणि बाकावर टेकल्या. सुनेचा प्रश्न वेगळा होता. तिचं माहेर अफझलपूरचं, कर्नाटकातलं. शाळेचा दाखला कानडीत. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला काढायला दोन दिवस झाले रांगेत उभी होती.

मी दुसऱ्या कुणाचं झेरॉक्स काढत होते. ती म्हणाली, "ताई, हमीपत्र तुमच्याकडं आहे का? मी मोबाइलवर बघायलेय, पण सापडंना." आणि फोन माझ्यापुढं धरला.

माझंच पान होतं. वरची निळी पट्टी, मी कॅनव्हावर केलेला तो ओबडधोबड लोगो. तिचा अंगठा ओला होता, दोनदा स्क्रीननं ऐकलंच नाही. मग पान सरकलं, भर्रकन खाली गेलं, एका जाहिरातीपाशी थांबलं. जाहिरातीत मोठं हिरवं बटण, त्यावर 'डाउनलोड'. तिनं ते दाबलं. कसलंतरी कर्ज देणारं ॲप उघडलं. ती मागं आली, पान पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा प्रस्तावना, पुन्हा 'ही योजना का महत्त्वाची'. दुसऱ्यांदा तेच हिरवं बटण. माझ्यासमोर तिनं हे तीनदा केलं.

"ही साइट लई बेकार आहे बघा," ती म्हणाली. "नुसत्या जाहिराती."

मी "हं" म्हटलं. हमीपत्राचा गठ्ठा माझ्या हाताशीच होता, एक काढून दिलं. पाच रुपये. तिनं दिले. माझी साइट आहे हे मी तिला सांगितलं नाही, आजपर्यंत नाही.

दुपारी डबा खायला जाऊबाई दुकानात आल्या. आमचं एकत्र कुटुंब नाही, पण जेवण बऱ्याचदा एकत्र असतं. चेहरा असा की काहीतरी बक्षीस घेऊन आल्यात. "किती झाले गं?" त्यांनी विचारलं. "काय किती?" "अगं डॉलर! रविवारपासून आमचा अख्खा गट दाबतोय. मी सगळ्यांना सांगितलंय, दिवसातून दहा-दहा वेळा जाहिरात दाबायची. चंद्रभागाबाईंचा नातू तर दोन फोनवरून दाबतो."

हातातला घास हातातच राहिला. बचत गटात अकरा बायका, प्रत्येकीच्या घरात दोन-तीन मोबाइल, आणि ते सगळे बार्शीतल्या एकाच गल्लीतल्या वायफायवर. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करायचं नाही, दुसऱ्याला करायला सांगायचं नाही, हा ॲडसेन्सचा नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे आणि मला तो पाठ होता. पण कधीतरी कौतुकानं मीच जाऊबाईंना म्हटलं होतं, "कुणी जाहिरात दाबली की मला पैसे मिळतात." ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं. वेळ आल्यावर वापरलं.

ओरडणार कुणावर? "आता दाबू नका, बंद होईल माझं," एवढंच म्हटलं. त्यांना लागलं ते. "आम्ही तुझ्या चांगल्यासाठीच," म्हणाल्या आणि भाकरी अर्धी ठेवून उठल्या.

चारच्या पुढं बातमी आली. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं होतं: मुदत ३१ ऑगस्टपर्यंत, वय साठऐवजी पासष्ट, पाच एकर जमिनीची अट काढली. रहिवासी दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला नको. आणि परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रातल्या माणसाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याची कागदपत्रं धरणार.

म्हणजे वैरागच्या त्या दोघींचं काम झालं होतं. मी बाकाकडं बघितलं. दोघी दीडच्या एसटीनं गेल्या होत्या.

आणि माझं पान? ते अजूनही साठच म्हणत होतं. अजूनही रहिवासी दाखला लागतोच म्हणत होतं. मोबाइल काढून बघितलं, त्या मिनिटाला १८०० माणसं ते वाचत होती.

गिऱ्हाइकांना "पाच मिनिटं थांबा" म्हणून काउंटरवरच लेख उघडला. पहिल्यांदा वाटलं, वर एक लाल ओळ टाकावी, 'नियम बदलले, सविस्तर खाली वाचा'. तेवढ्यानं काम भागलं असतं आणि माणसं खालपर्यंत गेलीही असती. ती ओळ मी टाइपही केली. मग पुसली. प्रस्तावना उडवली, 'का महत्त्वाची' उडवलं. सगळ्यात वर हमीपत्राचं पीडीएफ. त्याखाली सहा ओळींत काय बदललं ते. त्याखाली कागदांची यादी. तीन जाहिराती काढल्या, त्यात ती हिरव्या बटणाच्या जागेचीही. वीस मिनिटं लागली. रांगेतली एक बाई म्हणाली, "मॅडम मोबाइलच खेळत बसल्यात."

रात्री मात्र खरं काम होतं. लेखाखाली साडेचारशेच्या वर प्रतिक्रिया साठल्या होत्या. पहिल्या दहा वाचल्या आणि अंगावर काटा आला. 'सर माझा फॉर्म मंजूर करा', त्यापुढं पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर, आधारचे बारा आकडे. कुणी बँकेचा खाते क्रमांकही लिहिलेला. त्यांना वाटत होतं अर्ज इथंच करायचा असतो. बरोबरच आहे, पानावर योजनेचं नाव ठळक, खाली एक रिकामी चौकट आणि 'पाठवा' असं बटण. बाईनं दुसरं काय समजायचं? रात्री पावणेदोनपर्यंत एकेक प्रतिक्रिया खोडत बसले. शेवटी ती चौकटच बंद केली. बारानंतर मधेच एकदा दिवसाचा आकडा बघितला, बघायला नको होता पण बघितला: ४१ हजार वेळा पान उघडलं, अंदाजे ३७ डॉलर. माझ्या एरवीच्या तीन महिन्यांचे. कॅल्क्युलेटर शेजारीच होता. ८३ रुपये ५० पैशांनी गुणलं, ४१ हजारांनी भागलं. एकदा पान उघडलं की साडेसात पैसे. झेरॉक्सला मी दोन रुपये घेते.

नवं पान चांगलं चाललं, म्हणजे वाचकांच्या दृष्टीनं. लोक येत, पीडीएफ घेत, जात. दुसऱ्या दिवशी वाचक वाढले आणि डॉलर ३१वर आले, तिसऱ्या दिवशी २६. शुक्रवारी, ५ जुलैला, ईमेल आलं: अवैध ट्रॅफिकच्या शंकेमुळं खात्यावरच्या जाहिराती मर्यादित केल्या आहेत. पानांवर जाहिरातींच्या जागा पांढऱ्या पडल्या. ज्या महिन्यात सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष त्या एका विषयावर होतं, त्या महिन्यात मला दिवसाला दीड-दोन डॉलर मिळत होते. चूक कुणाची हे मला ईमेल उघडायच्या आधी माहीत होतं, त्यामुळे दाद मागायलाही तोंड नव्हतं. जाऊबाईंना मी हे कधी सांगितलं नाही. त्या अजून विचारतात, "आता दाबलं तर चालतं का गं?"

जुलैचा अंदाज १६३ डॉलरचा होता, पक्का आकडा १२१चा आला. बाकीचे ४२ अवैध क्लिकपोटी कापले. जुनी शिल्लक ६७. ऑगस्टच्या बावीस-तेवीस तारखेला बँकेतून फोन आला.

त्याच्या आठवडाभर आधी वैरागची सून पुन्हा येऊन गेली होती. सासूबाईंचे दोन हप्त्यांचे ३००० रुपये राखीपौर्णिमेच्या आधीच जमा झाले होते. हिचे आले नव्हते, खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. बँकेत द्यायचा अर्ज मी भरून दिला. वीस रुपये घ्यायची ते दहाच घेतले. ती म्हणाली, "सगळीकडं वीस घेतात की." मी म्हटलं, "असू दे."

बँकेतला मुलगा नवीन होता, नम्र होता. "मॅडम, तुमच्या नावावर परदेशातून १८८ डॉलर आलेत. कशाचे पैसे ते फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागेल."

दुपारी जाऊन फॉर्म भरला. रुपयांत १५ हजार २००च्या आसपास, चार्जेस जाऊन. रक्कम, तारीख, पॅन. 'कोणत्या सेवेबद्दल' या रकान्यात जाहिरात असं लिहिलं. त्यानं वाचलं आणि सहज विचारलं, "कशाची जाहिरात करता मॅडम?"

मला ते हिरवं बटण आठवलं.

"ते मलाही माहीत नसतं," म्हटलं आणि सही केली.