पद्मिनीच्या काचेपायी साष्टीची फेरी

चवथीला गोव्यात फोंड्याला मामाकडे गेलं की विसर्जनापर्यंत घराबाहेर पडायची सोय नसते. गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या माटोळीखाली बसायचं, नेवऱ्या म्हणजे करंज्या खायच्या, आल्यागेल्याशी बोलायचं, आरतीला झांजा बडवायच्या. यंदा गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा म्हणाला, "चल, मडगावकडे साष्टीत जाऊन येऊ. काच मिळते का बघू."

काच म्हणजे त्याच्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दाराची त्रिकोणी काच. तिची कडी तुटून दोन पावसाळे झाले. मामाने फटीत सायकलची ट्यूब कापून कोंबली आहे. पाणी येतं ते येतंच. मामी पुढे बसते ती मांडीवर टॉवेल घेऊन.

कुणीतरी मामाला सांगितलं होतं की साष्टीतल्या एका गावात जुन्या गाड्यांचं खासगी संग्रहालय होतं, ते आता गाड्या विकतंय आणि सुटे भागही काढलेत. गावाचं आणि घराचं नाव लिहीत नाही. घरच्यांनीच नको म्हटलंय.

पद्मिनीतूनच निघालो. बोरीच्या पुलावर धो-धो पाऊस. वायपर एकीकडे पोहोचेपर्यंत दुसरीकडची काच आंधळी. मामा स्टिअरिंगवरचा गिअर ओढत इथेनॉलला शिव्या घालत होता. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून त्याच्या गाडीची रबरं फुगतात आणि इंधनपंपाचा डायफ्राम टिकत नाही. हे व्याख्यान लोटलीपर्यंत चाललं. लोटलीची जुनी घरं बघायची राहिली ती राहिलीच.

संग्रहालय म्हणजे नारळाच्या बागेत पत्र्याची लांब शेड. तिकिटाची खिडकी बंद, तिच्यात कोंबडी बसलेली. दार उघडलं ते एका तरुणाने. मागे त्याची आई. गाड्या जमवल्या वडिलांनी, ते आता नाहीत. आई म्हणाली, "तिकीट नाका. कितें जाय तें पळयात." तिकीट नको, काय हवं ते बघा. शेडमध्ये बुरशी, डिझेल आणि ओल्या कातड्याचा वास होता.

रिकाम्या जागा आधी दिसल्या. जमिनीवर तेलाचे चार-चार डाग आणि मधे कोरडा चौकोन. गेल्या त्या चकचकीत गाड्या, मुंबईच्या आणि दिल्लीच्या हौशी लोकांनी नेल्या. उरलेल्यांत एक मॉरिस मायनर होती. वळायचं असेल तर तिच्या दाराशेजारच्या खांबातून पेटलेला छोटा हात बाहेर येतो. मुलाने बटण दाबलं. उजवा हात आला, डावा अर्ध्यात अडकला. पलीकडे फोक्सवॅगन बीटल, सहा व्होल्टची. तिची बॅटरी आता सहज मिळत नाही.

आणि कोपऱ्यात मर्सिडीज १८०. काळी, गोलसर, पाठीला बाक आलेल्या म्हातारीसारखी. ही मडगावची टॅक्सी होती. मर्सिडीजची टॅक्सी ऐकून पुण्यामुंबईच्या वाचकांना हसू येईल, पण गोव्यात ती होती. १९५५ च्या सुमाराला भारताने सीमा बंद करून नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने बाहेरचा माल मुरगाव बंदरातून येऊ दिला. लोहखनिज जपानला जात होतं, पैसा खेळत होता. सीमेपलीकडे लोक अॅम्बॅसेडर आणि फियाटसाठी नंबर लावून बसले होते, तेव्हा इथे जर्मन गाड्या रस्त्यावर होत्या. गंमत म्हणजे पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा शेजारच्या ब्रिटिश मुलखासारखा डावीकडेच राहिला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर भारताचे आयातीचे नियम लागू झाले, सुटे भाग आटले आणि मडगावच्या मिस्त्रींनी जे मिळेल त्यातून ते घडवायला सुरुवात केली. या मर्सिडीजच्या दाराचा आतला हँडल बघा, म्हणजे कळेल. तो अॅम्बॅसेडरचा आहे.

मामा तिच्या बाजूने पावलं टाकत हळू चालला. मला वाटलं गुडघा मोकळा करतोय. मग दार उघडून आत बसला. पाच-सहा वर्षांचा असताना आजोबांबरोबर तो अशाच टॅक्सीतून मडगावहून आला होता. भाडं वाटून घेतलेलं, आत सात माणसं, पायाशी सुक्या मासळीची टोपली. त्याला आठवतो तो वास. सीटचा कापूस हाताला लागला तरी तो उठेना.

"ही का नाही गेली?" मी विचारलं.

मुलाने कागद दाखवले. पोर्तुगीज भाषेतलं गाडीचं पुस्तक, लिव्रेत, कुणी पोथी जपावी तसं प्लास्टिकमध्ये. पुढचं आरसी बुक 'जीडी' नंबरचं, गोवा-दमण-दीवच्या काळातलं. पण नाव अजून टॅक्सीवाल्याचंच. वडिलांनी तोंडी व्यवहार करून घेतली होती. टॅक्सीवाला वारला, वारस लिस्बनला. त्यांच्या सह्या कोण आणणार? २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि मूळ नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण आधी गाडी कुणाची हे सिद्ध व्हायला हवं. शिवाय ती रोजच्या वापराला चालवायची नाहीच, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोलपंपापर्यंत. ज्यांना चालवायची असते ते घेत नाहीत, आणि ज्यांना मिरवायची असते त्यांना सडलेला तळ नको असतो. मुलगा म्हणाला, भंगारवाला दिवाळीनंतर येणार आहे. हजार-बाराशे किलो लोखंड.

मला राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मुलावर तर नाहीच. दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर भिजत उभं असतं, पण नौदलाकडे रंग द्यायला माणसं आहेत. इथे हा एकटा, दर आठवड्याला प्रत्येक इंजिन सुरू करायचं, टायर थोडे फिरवून ठेवायचे, समुद्राची हवा क्रोम खाते ते पुसायचं. आणि शेडखालची जमीन आतल्या सगळ्या गाड्यांपेक्षा महाग. हिशोब त्याला माझ्यापेक्षा आधी कळलाय.

काच मिळाली. पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कडीसकट, डाव्या दाराचीच. आई पैसे घेईना. मामाने ५०० ची नोट डब्याखाली सरकवली आणि "देव बरें करूं" म्हणून निघाला. परतताना बोरीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, इथेनॉलबद्दलसुद्धा नाही.

मी कोल्हापूरला पोहोचून आठवडा झाला आणि मामीचा फोन आला. "तुझ्या मामाला समजाव. टेप घेऊन पोर्चात उभा आहे. दोन गाड्या कशा मावतील?"