मुरगाव बंदरातला हेरपट आणि आमचे न जुळलेले मत

1980 साली प्रदर्शित झालेला ‘द सी वुल्व्हज’ हा हेरगिरीचा आणि चकमकींचा इंग्रजी चित्रपट इतरत्र फारसा कोणाच्या स्मरणात राहिलेला नसला, तरी गोव्यात त्याचा विषय निघाला की मंडळी हिरिरीने बोलू लागतात, कारण त्यातली घटना मुरगाव बंदरात घडलेली आहे आणि त्याच्या चित्रीकरणाचा मोठा भागही इथलाच आहे. फोंड्यातल्या आमच्या स्नेहमंडळींनी तो अलीकडे एकत्र बसून पाहिला आणि नंतर चहाबरोबर जी चर्चा झाली, तिच्यात दोन माणसांचे एका मुद्द्यावर एकमत होणेही दुरापास्त ठरले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी मूळ घटना थोडक्यात सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन अशी चार मालवाहू जहाजे मुरगावच्या आश्रयाला येऊन राहिली होती. एहरेनफेल्सवरच्या छुप्या रेडिओवरून दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना पोहोचते, असा ब्रिटिशांचा वहीम होता. पण तटस्थ बंदरात उघडपणे सैन्य पाठवता येत नव्हते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतल्या, एरवी व्यापार आणि कचेऱ्या सांभाळणाऱ्या प्रौढ गृहस्थांना निवडण्यात आले. ‘फीबी’ नावाची, गाळ वाहून नेणारी बार्ज कलकत्त्याहून वळसा घालून आली, बहुतेक मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिथे तिच्यावर चढली आणि 9 मार्च 1943 च्या पहाटे एहरेनफेल्सवर छापा पडला. जर्मन खलाशांनी जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते स्वतःच बुडवले आणि बाकीच्या तीन जहाजांनीही तेच केले. हे सारे गुपित 1978 साली जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून प्रथम सविस्तर बाहेर आले आणि दोनच वर्षांत त्यावर चित्रपट निघाला.

तरुण मंडळींचा पहिला आक्षेप वेगाबद्दल होता. छाप्यापर्यंत पोहोचायला चित्रपट फार वेळ घेतो, माणसे जमवण्यात आणि त्यांना कवायत करायला लावण्यातच निम्मा रस आटतो, आणि इतक्या वयस्क नटांनी दोरशिड्या चढाव्यात हे हास्यास्पद दिसते, असे त्यांचे म्हणणे. डेव्हिड निव्हन तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि ग्रेगरी पेक साठी ओलांडून गेले होते, हे खरेच आहे. मला मात्र चित्रपटातले सर्वांत प्रामाणिक काही असेल, तर ते हे धापा टाकणेच वाटते. ज्या लोकांनी प्रत्यक्षात ही मोहीम केली, ते काही कसलेले कमांडो नव्हते. त्यांचे पोट सुटलेले असणे हाच या गोष्टीचा थरार आहे, आणि तो दाखवायला वेळ लागतोच.

याच्या नेमके उलट, तरुणांना जो भाग आवडला तो मला असह्य झाला. रॉजर मूर त्या काळी जेम्स बाँड म्हणून गाजत होते, आणि त्यांच्या वाट्याला मिसेस क्रॉमवेल नावाची देखणी जर्मन हेर देऊन दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लाग्लेन यांनी तीच लकब इथेही वापरून घेतली आहे. ही बाई निव्वळ कल्पित. पणजीत राहणाऱ्या रॉबर्ट कोख या जर्मन हेराला त्याच्या पत्नीसह ब्रिटिशांनी छाप्याच्या आधी गोव्यातून पळवून नेले, ही हकीकत हाताशी असताना कोणाला मद्याच्या पेल्यांमागून कटाक्ष टाकणारी मोहिनी का सुचावी, हे मला कळत नाही. गंमत अशी की आमच्यातल्या एका गृहस्थांनी या मोहिनीला बिनतक्रार मान्यता दिली आणि खलाशांना त्या रात्री किनाऱ्यावर गुंतवून ठेवण्यासाठी कुंटणखान्यात फुकट सोय केली जाते, तो प्रसंग मात्र ‘शुद्ध फिल्मी’ म्हणून निकालात काढला. लीझर यांच्या पुस्तकात तो प्रसंग आहे. शिवाय ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या 47 दिवस आधी, कार्निव्हल संपतो. 1943 साली ईस्टर 25 एप्रिलला होता, म्हणजे 9 मार्च हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस. खलाशांना जहाजावरून उतरवायला याहून सोयीचा मुहूर्त गोव्याच्या वर्षात दुसरा नाही.

बंदरात नोकरी करून निवृत्त झालेल्या काकांना गोष्टीत फारसा रस नव्हता. पर्यटकांची गर्दी होण्यापूर्वीचा किनारा दिसला, एवढ्यावर ते खूश होते.

चर्चेला खरी धार आणली ती एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्यांचे आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे गोवेकर, होते. त्या म्हणाल्या, “बोटी बुडतात म्हणून हा सगळा छापा, पण त्या बोटींवर स्वयंपाकघरात आणि खानसाम्याच्या कामावर आमचीच माणसे होती, हे एका वाक्यातही येत नाही.” ब्रिटिश जहाजांवर गोव्याचे तारवटी मोठ्या संख्येने होते, त्यामुळे पाणबुड्यांचा धोका साश्टी-बार्देशातल्या घरांनाही तितकाच जवळचा होता. चित्रपटात गोवेकर दिसतात ते वाढपी, नाचणारे आणि रस्त्यावरची गर्दी म्हणून. गोवा मुक्तिलढ्याला चालना देणारी डॉ. राममनोहर लोहियांची मडगावची सभा 18 जून 1946 ची, म्हणजे छाप्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी झाली. तेव्हा 1943 मधला गोवा इतका निवांत आणि बेफिकीर होता, हे बाईंना पटत नव्हते.

यावर, चित्रपट वेगवान नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मुलानेच त्याची बाजू घेतली. ही कलकत्त्याच्या म्हाताऱ्यांची गोष्ट आहे, तिच्याकडे गोव्याचा इतिहास मागणे अन्यायाचे आहे, असे तो म्हणाला. मला त्याचे म्हणणे अर्धेच पटते. पूर्ण इतिहास मागू नये, हे कबूल. पण मिसेस क्रॉमवेलसाठी जितका वेळ खर्च केला, त्याच्या चौथाईत एक तारवटी सहज मावला असता.