डी-फाइव्हला त्या दुपारचं काही माहीत नव्हतं

सगळं पास होतं, आणि तीच गोची आहे. कॅलिब्रेशन पास, क्यूसी (आधीच माहीत असलेल्या मापाचे तपासणी सँपल) पास, इंटर्नल स्टँडर्डचे (तुलनेसाठी प्रत्येक सँपलमध्ये टाकायच्या पदार्थाचे) एरिया एका ओळीत, आयएसआर (काही सँपल पुन्हा मोजून बघणं) पण पास. कुठलाही ऑडिटर फाइल उघडून चहा पिऊन सही करून गेला असता. तरी तीन-चार व्हॉलंटियरचे ग्राफ बघून मला काही केल्या पटेना, आणि अजूनही त्यावर सरांचं नि माझं एकमत नाहीये.

मी इकडे खानदेशात, मुंबई-आग्रा हायवेला लागून असलेल्या एका फार्मसी कॉलेजात एलसी-एमएस-एमएस मशीन चालवते, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन. नातेवाइकांना एवढंच माहीत की "ही रक्त तपासते", त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर मामांचे शुगरचे रिपोर्ट येतात. खरं काम म्हणजे औषध घेतलेल्या माणसाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरतो त्या द्रवात) कितव्या तासाला किती औषध उरलंय ते नॅनोग्रॅममध्ये मोजणं. गोळी देणं, रक्त काढणं, प्लाझ्मा वेगळा करणं हे आमच्याकडे होत नाही, ते दुसऱ्या गावच्या एका हॉस्पिटलात होतं, आमच्याकडे येतात ते थेट गोठलेले डबे.

औषध होतं अ‍ॅटोरवास्टॅटिन. कोलेस्टेरॉलची गोळी, आता तर प्रत्येक घरात कुणी ना कुणी खातंच. ही गोळी रक्तात दोन रूपांत फिरते, अ‍ॅसिड आणि लॅक्टोन. कोलेस्टेरॉल कमी करतं ते अ‍ॅसिड. लॅक्टोन म्हणजे त्याच रेणूने पाण्याचा एक रेणू सोडून आपलंच शेपूट आपल्याला जोडून घेतलेलं, वजनात फरक फक्त 18 चा. ते कोलेस्टेरॉलचं काही करत नाही, पण माणसाच्या स्नायूंच्या पेशींवर 2008 साली छापून आलेल्या कामात ते अ‍ॅसिडपेक्षा 14 पट जास्त त्रासदायक निघालं होतं. आमच्याकडे निम्मे लोक "पिंढऱ्या ओढतात" म्हणून डॉक्टरला न विचारता गोळी बंद करून टाकतात आणि वर दुसऱ्यालाही तोच सल्ला देतात, म्हणून सरांना लॅक्टोन मोजायचं होतं. नुसत्या बायोइक्विव्हॅलन्सला (दोन गोळ्या रक्तात सारख्याच पोचतात का ते बघायला) लॅक्टोन कुणी विचारत नाही. आम्ही विचारलं आणि फसलो.

आता डी-फाइव्ह, म्हणजे आमचं इंटर्नल स्टँडर्ड. औषधाचाच रेणू, फक्त एका बेंझिन रिंगवरचे पाच हायड्रोजन काढून तिथे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसवलेलं. केमिस्ट्री जवळजवळ तीच, वजन पाचने जास्त. मशीनला अ‍ॅसिड 559 वर दिसतं, तुटून 440 होतं, डी-फाइव्ह 564 वर आणि तुटून 445. प्रत्येक सँपलमध्ये डी-फाइव्ह ठरलेल्या मापाने टाकायचं आणि दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. मग काढताना थोडं सांडलं, एक्स्ट्रॅक्शन कमी झालं, प्लाझ्मातल्या चरबीने मशीनमध्ये सिग्नल दाबला, तरी दोघांचं सारखंच नुकसान होतं आणि गुणोत्तर जागेवर राहतं. ड्युटेरियम कुठे बसवलंय हे मात्र बघावं लागतं, ते ओएच-एनएच वर असलं तर पाण्यात गेल्या गेल्या साधा हायड्रोजन घेऊन मोकळं होतं. "ड्युटेरियम म्हणजे हेवी वॉटर ना, मग रेडिओअ‍ॅक्टिव्ह असेल" असं आमच्याच कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये ऐकवलंय. नाही हो सर, नसतं.

डी-फाइव्हची कुपी आली की मी कुणाला हात लावू देत नाही. आत काही दिसतच नाही, तळाला पांढुरका पापुद्रा असतो फक्त. नवीन पोरं ती उघडून स्पॅच्युलाने वजन करायला निघतात, अरे बाबांनो मिलिग्रॅमभर माल आहे, निम्मा झाकणाला चिकटलाय. मिथेनॉल कुपीतच घालायचं, झाकण लावून उलटी करायची, फिरवायची, झाकणाची आतली बाजू धुवायची, ते सगळं फ्लास्कमध्ये, परत मिथेनॉल, परत धुवायचं. मग पहिलं काम म्हणजे औषध नसलेल्या प्लाझ्मात फक्त डी-फाइव्ह टाकून 559 च्या चॅनेलवर काही दिसतंय का बघायचं, कारण लेबलिंग (ड्युटेरियम बसवणं) अर्धवट झालेला माल असला तर त्यात साधं औषधच मिसळलेलं असतं आणि मग सगळ्या व्हॉलंटियरच्या रक्तात आपणच औषध घालतो. औषधाच्या सर्वात कमी मापाच्या स्टँडर्डच्या सिग्नलच्या 20 टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. आमचा लॉट याच्या कितीतरी खाली होता. अ‍ॅसिड मशीनच्या सोर्समध्ये, म्हणजे सँपल आत शिरतं तिथे, गरम झालं की स्वतःच पाणी सोडतं आणि लॅक्टोनच्या चॅनेलमध्ये डोकावतं, त्यामुळे दोघांचे पीक (ग्राफवरचे उंचवटे) त्याआधीच्या कॉलमवरच, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतच, लांब लांब आणावे लागतात. त्यासाठी मी जे बफर आणि ग्रेडियंट बसवलंय ना, ते प्रिंट काढून फ्रेम करावं असं आहे, पण असो.

तर ग्राफ. अ‍ॅटोरवास्टॅटिन तासा-दोन तासात वर जातं आणि मग उतरत राहतं, लॅक्टोन थोडं मागून येतं. या तीन-चार जणांत सहाव्या आणि आठव्या तासाला लॅक्टोन धपकन खाली, आणि बाराव्या तासाला परत वर. त्याच दोन तासांना अ‍ॅसिडला मात्र टेंगूळ. सर म्हणाले, जेवणानंतरचा दुसरा पीक असेल, पित्तातून परत आलं असेल. मी म्हटलं, सर, या औषधाच्या लेबलवरच लिहिलंय की ते आतड्यातून असं परत फिरताना दिसत नाही, आणि परत आलं तरी लॅक्टोनच का पडेल? मग ते म्हणाले, आयएसआर बघ. आयएसआर म्हणजे काही सँपल पुन्हा पहिल्यापासून करून बघायचे, त्यातले दोन तृतीयांश 20 टक्क्यांच्या आत जुळले की पद्धत विश्वासाची. जुळले. झ्याक जुळले. त्या पडलेल्या सँपलचे आकडे तर सर्वात छान जुळले.

सरांचं म्हणणं मशीनवर विश्वास ठेव. ठेवते ना, मशीनवरच ठेवते. पण डी-फाइव्ह सँपलमध्ये जातं माझ्या टेबलावर, बर्फातल्या ट्रेमध्ये सँपल वितळल्यावर. त्याच्या आधी त्या प्लाझ्माचं काय झालं ते त्याला कसं कळणार? शेतातून रात्रीत कापूस चोरीला गेला तर जिनिंगच्या काट्यावर उभं राहून तुम्ही काय शोधणार, काटा तर बरोबरच दाखवणार. आयएसआरचंही तेच, बिघडलेलं सँपल परत मोजलं की परत तेच बिघडलेलं बरोबर मोजलं जातं.

मग तारखा काढल्या. ज्यांचे ग्राफ वाकडे ते सगळे एकाच दिवशी डोस झालेले, इतर दिवशीचे सगळे सरळ. शरीराला तारीख कळत नाही. डोस सकाळी आठला, म्हणजे सहावा तास दुपारचे दोन आणि आठवा तास चार. महिना मे. जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यातला मे ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

हॉस्पिटलात फोन केला. तिकडच्या को-ऑर्डिनेटरने टेम्परेचर लॉगचा फोटो पाठवला. दर अर्ध्या तासाला चार डिग्री, चार डिग्री, चार पूर्णांक एक, चार. एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, खालपर्यंत. मी आजवर असा फ्रीज पाहिलेला नाही जो मे महिन्यात इतका शहाण्यासारखा वागतो. आपल्याकडे लॉगशीट भरणं हे काम आहे आणि थर्मामीटर बघणं हे वेगळं काम आहे, दुसऱ्याचा पगार कुणी देत नाही.

खरी गोष्ट कळली ती आमच्या गाडीवाल्या दादाकडून. नाशिकहून ड्राय आइस तोच आणतो, आणि त्या दिवशी डबा पोचवायला तो तिथे होता. लॅबच्या पायरीवर डबा ठेवता ठेवता सहज म्हणाला, "त्या दिन दुपारले लाइटच नव्हती ना ताई. जनरेटर फक्त ऑपरेशनवाल्याले. नळ्या तशाच टेबलवर उभ्या व्हत्या. पोऱ्याले रसवंतीवर बरफ लेवाले धाडं, तो आरामशीर उना."

म्हणजे रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज बंद, नळ्या खोलीच्या तापमानाला, आणि ती खोली मे महिन्यातली. लॅक्टोनला प्लाझ्मा सोसत नाही. 4 डिग्रीला ठेवलं किंवा पीएच 6 पर्यंत आणला तर ते टिकतं, नाहीतर परत पाणी घेऊन अ‍ॅसिड होतं. त्यात प्लाझ्मा उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच अजून वर चढतो आणि हे काम अजून जोरात होतं. रक्तात असताना जे लॅक्टोन होतं ते आमच्याकडे पोचेपर्यंत अ‍ॅसिड झालेलं, आणि माझं मशीन इमानदारीत ते अ‍ॅसिड म्हणून मोजत होतं.

पण गाडीवाल्याचं बोलणं थीसिसमध्ये लावता येत नाही. सर म्हणाले, सिद्ध कर. आणि इथे मला डी-फाइव्हचा दुसराच उपयोग सुचला, जो मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला एकमेव आनंद आहे. आमच्याकडे लॅक्टोनचंसुद्धा डी-फाइव्ह होतं. त्याच व्हॉलंटियरचा सकाळचा उरलेला प्लाझ्मा घेतला (कन्सेंटमध्ये पद्धत तपासायला वापरायची परवानगी होती), त्यात फक्त डी-फाइव्ह लॅक्टोन टाकलं, डी-फाइव्ह अ‍ॅसिड मुद्दाम टाकलंच नाही. मग 564 वर जे काही उगवेल ते दुसरीकडून येऊच शकत नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर उघडलेलं लॅक्टोनच. प्लाझ्मात आधीपासून असलेलं साधं औषध 559 वर गप बसून राहतं, गोंधळ नाही. संदर्भाला कपाटातलं रोसुवास्टॅटिनचं (दुसऱ्या एका कोलेस्टेरॉलच्या औषधाचं) डी-सिक्स वापरलं, 488 वरून 264, ते या भांडणात नाही.

एक नळी बर्फात, एक एसी खोलीत, एक पीएच खाली आणून, आणि एक बाहेर व्हरांड्यात, तिथे आमचे शिपाईकाका खुर्ची टाकून राखण करत बसले कारण मांजर फिरतं. दर थोड्या वेळाने थोडा प्लाझ्मा काढून थंड बफरमध्ये टाकायचा, म्हणजे तिथल्या तिथे थांबतो. बर्फातल्या नळीत 564 ची रेघ जवळपास सपाट. पीएच खाली आणलेलीत पण तसंच. एसीतलीत हळूहळू टेकडी. आणि व्हरांड्यातलीत, मशीनमधल्या पहिल्या इंजेक्शनला बेसलाइनवर नुसती कुसळं, पुढच्याला छोटा उंचवटा, त्याच्या पुढच्याला नीट टोकदार पीक, जिथे अ‍ॅसिड यायला हवं तिथेच, केसभर आधी, कारण ड्युटेरियमवालं कॉलममधून नेहमी किंचित लवकर निघतं. दुपार संपेपर्यंत टाकलेल्या लॅक्टोनपैकी निम्म्याहून जास्त अ‍ॅसिड झालेलं. दोघांची बेरीज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच. माझ्या शेजारी बसलेली पीएचडीची पोरगी एकदम म्हणाली, "मॅडम, हे तर दिसतंय!" हो बाई, दिसतंय. या धंद्यात एखादी गोष्ट घडताना दिसणं फार क्वचित होतं, एरवी आपण फक्त घडून गेलेल्याचे आकडे लावत बसतो.

यानंतर सगळं सुरळीत व्हायला पाहिजे होतं. झालं असं की हॉस्पिटलवाले चिडले, आमच्या लॉगवर संशय घेता म्हणाले, आणि पुढच्या फेजला बेड मिळतील की नाही याची सरांना काळजी. सर मला म्हणाले, लॅक्टोनचे ते दोन तास काढून टाकू, अ‍ॅसिडचे राहू दे, अ‍ॅसिडच्या बाबतीत तर पद्धत पास आहे. मला हेच पटत नाही. ते लॅक्टोन हवेत गेलं नाही, अ‍ॅसिडमध्ये गेलंय, मग एक आकडा खोटा म्हणून काढायचा आणि त्याच्यामुळेच फुगलेला दुसरा खरा म्हणून ठेवायचा हे कसं? माझं म्हणणं, एकतर दोन्ही काढा, नाहीतर दोघांची मोलमध्ये (रेणूंच्या संख्येत) बेरीज करून ती एकच द्या, ती तरी खरी आहे. सर म्हणतात बेरीज दिली तर थीसिसचा मुद्दाच गेला, लॅक्टोन वेगळं बघायचं म्हणून तर एवढा खर्च केला. तेही खोटं नाहीये. ज्या माणसांनी दिवसभर हाताला सुई लावून रक्त दिलं त्यांचे तास असे फेकून द्यायचे याचाही मला त्रास होतो, आणि चुकीचे आकडे छापायचे याचाही, आणि दोन्हींपैकी कुठला जास्त ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक मात्र मान्य झालंय. पुढच्या फेजला प्रत्येक डोसच्या दिवशी आमच्याकडून एक छोटी नळी जाईल, कोरा प्लाझ्मा, त्यात मोजून डी-फाइव्ह लॅक्टोन. ती व्हॉलंटियरच्या नळ्यांच्याच स्टँडला लावायची, त्यांच्याबरोबर टेबलावर, त्यांच्याबरोबर फ्रीझरमध्ये, त्यांच्याबरोबर डब्यात. परत आली की पहिली तीच मोजायची. 564 वर काही उगवलं असेल तर त्या दिवशी काय झालं हे मला लॉगशीटला विचारायला नको. त्यासाठी डी-फाइव्ह लॅक्टोनची अजून एक कुपी लागणार, तसा इंडेंट टाकलाय. परचेस कमिटीने तीन कोटेशन मागितलीत आणि आमच्या यादीत ती देणारा सप्लायर एकच आहे.