तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी नाही, दोन दिवस आहेत, नाशिकहून कुठं जाऊ?

"ताई, गाडी नाहीये, शनिवार-रविवार मोकळा आहे, डोंगर पण हवाय आणि एखादं जुनं गाव पण, नाशिकहून काय होईल?" हा प्रश्न मला सारखा येतो, भाचरांकडून, त्यांच्या मित्रांकडून, ऑफिसातल्या नव्या पोरांकडून. विचारणाऱ्यांनी बहुतेकदा भंडारदरा नाहीतर त्र्यंबक आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचं असतं. मी म्हणत नाही.

भंडारदरा वाईट आहे असं कुठं म्हणतेय मी, पण ते गाडीवाल्यांचं ठिकाण आहे. धरण एकीकडे, रंधा फॉल भलतीकडे, रतनवाडीचं अमृतेश्वर जलाशयाच्या पार त्या टोकाला, एसटी तुम्हाला शेंडी गावात उतरवून निघून जाते आणि मग पुढं जीपवाला म्हणेल तो भाव. त्र्यंबकला नाशिकची सिटी बस, सिटीलिंक सुद्धा जाते, सोपंय, ब्रह्मगिरी चढायला मस्तच आहे, पण शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि तिथं कसं जायचं हे सांगायला मी कशाला पाहिजे.

माझं उत्तर ठरलेलं आहे. चांदवड, मनमाड, अणकाई, येवला. मनमाड ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण मनमाड म्हणजे रात्री दोन वाजता गाडी बदलायला उतरलो होतो एवढीच ओळख असते लोकांची. पण ऐका तर खरं.

गाडी घेऊन गेलं की जिथं लावली तिथं परत यावंच लागतं, सगळा दिवस ती मागे ओढत असते. एसटीने गेलात तर एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. या चार गावांचं तेच तर सुख आहे, आग्रा रोडने ओझर-पिंपळगाव करत वर चांदवड, तिथून उजवीकडे मनमाड, मनमाडहून खाली अणकाई, पुढे येवला, आणि येवल्याहून विंचूर-निफाड करत घरी. एकही रस्ता दोनदा नाही.

चांदवड नाशिकहून साधारण पासष्ट किलोमीटर. मालेगाव-धुळ्याकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, फक्त चढायच्या आधी कंडक्टरला विचारा, "चांदवड घेणार ना?", कारण विनाथांबा गाडी असली तर ती हायवेनेच पुढं पळते. आणि कांदा-टोमॅटोचा सीझन असेल तर पिंपळगावला ट्रॅक्टरच्या रांगेत अर्धा तास गेला म्हणून कुरकुर करायची नाही, तोही बघण्यासारखा प्रकार असतो. उतरलात की होळकरांचा रंगमहाल गाठायचा. अहिल्याबाईंच्या काळचा वाडा, कोरीव लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं. दुरुस्तीची कामं निघत असतात त्यामुळे कधी एखादा भाग बंद मिळेल, आत काय उघडंय ते तिथंच विचारा. मग डोंगराच्या पोटातली रेणुकामाता. तिथून वर बघितलं की सातमाळा रांग, चांदवडचा किल्ला, पलीकडे इंद्राई, राजधेर अशी एकाला एक लागून उभी. ते किल्ले या ट्रिपमधे नाही करायचे, नुसतं बघायचे. दोन दिवसांत सगळं कोंबायला गेलात की काहीच धड होत नाही.

संध्याकाळी मनमाड. चांदवडहून तासाभराच्या आत पोचता. गाव बघायला आलोय असं समजू नका, मुक्कामाला आलोय असं समजा. स्टेशनजवळ साधी लॉज आहेत, आणि गुरुद्वारा गुप्तसर साहिब आहे तिथं लंगरला जेवायचं, डोक्यावर रुमाल घेऊन, पंगतीत बसून. पाण्याच्या बाटल्या मात्र जिथं मिळेल तिथं भरून घ्या, मनमाडची पाणीटंचाई सगळ्या जिल्ह्याला माहितीये.

आता अणकाई, माझ्या मते दोन दिवसांतला खरा माल. सकाळी लवकर येवल्याकडची गाडी पकडायची, अणकाई फाट्याला उतरायचं, पुढे गावापर्यंत चालत. अणकाई नावाचं रेल्वे स्टेशन पण आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, त्यामुळे भरवसा रस्त्यावरच ठेवा. अणकाई आणि टंकाई असे दोन किल्ले शेजारी शेजारी, मधे एक खिंड. आधी टंकाईच्या बाजूची जैन लेणी लागतात, त्यातली काही तर दुमजली आहेत, दारावरची कोरीव कामं बघत बसलात तर ऊन डोक्यावर येईल, म्हणून सांगते, लेणी उतरताना बघा आणि आधी गड चढून घ्या. अणकाईच्या वाटेवर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, एकामागून एक दरवाजे आहेत, आणि माकडं आहेत, पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आणि तलाव. खाली बघितलं की मनमाड-दौंड लाईनवर एखादी मालगाडी सरपटत चाललेली असते आणि समोर हडबीची शेंडी नावाचा सुळका, हुबेहूब वर केलेला अंगठा, रेल्वेतून जाताना सगळ्यांनी बघितलेला पण नाव कुणाला माहीत नसतं.

पावसाचं विचारतात सगळे. इगतपुरीला कोसळतो तसा इकडे कोसळत नाही, हा दुष्काळी पट्टा आहे, त्यामुळे श्रावण ते दिवाळी हा बेस्ट काळ, हिरवं पण असतं आणि धुक्यात चाचपडावंही लागत नाही. एप्रिल-मे मधे जाऊ नका, अजिबात.

दुपारी येवला. पैठणी पैठणी सगळे करतात पण दुकानात शिरण्याआधी गल्लीत शिरा. घराघरात हातमाग आहेत, खटखट आवाज रस्त्यावर येतो, नीट विचारलं तर आत बसवून दाखवतात, पदरावरचा मोर हाताने एकेक रंगाचा धागा फिरवून कसा भरतात ते. घ्यायची नसेल तर घेणार नाही असं आधीच सांगा, त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी आहे. तात्या टोपे इथलेच. आणि मुक्तिभूमी चुकवू नका, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली ती याच गावात, शाळेत आपण वाचलेलं असतं पण आपल्याच जिल्ह्यात झालं हे नाशिकच्या निम्म्या लोकांच्या लक्षात नसतं. संक्रांतीला गेलात तर बाकी सगळं विसरा, अख्खं गाव आसारी, म्हणजे पतंगाच्या मांजाची फिरकी, घेऊन गच्चीवर असतं.

प्लॅनिंग कसं करायचं, तर उलटं. लोक सकाळची पहिली बस शोधतात, मी म्हणते येवल्याहून परतीची शेवटची गाडी आधी विचारा, मग त्याच्या आधीची आपली धरा, आणि तिथून मागे मागे येत बाकीचं बसवा. येवला त्यासाठीच शेवटी ठेवलंय, संभाजीनगरकडून नाशिकला येणाऱ्या गाड्या तिथूनच जातात, त्यामुळे एक चुकली तर दुसरी मिळते. चांदवड शेवटी ठेवलं तर हायवेवर हात दाखवत उभे राहाल. मोबाईलवर दिसणाऱ्या वेळांवर जाऊ नका, नाशिकमधे सीबीएस, ठक्कर, मेळा, महामार्ग इतके स्टँड आहेत की आपली गाडी कुठून सुटते तेच आधी विचारावं लागतं, चौकशीच्या खिडकीवर जाऊन तोंडाने विचारा. 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढू का असंही विचारतात, तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो, एवढ्याशा फेरीत वसूल होत नाही, साधी तिकिटं काढा. बायकांना तसंही अर्धंच तिकीट आहे.

आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर गड वगळा, चांदवड करा, मनमाडचा मुक्कामही नको, सरळ येवला आणि त्याच संध्याकाळी परत. पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, फक्त वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड त्यांच्या स्वतःच्या पर्समधे ठेवायला सांगा, तुमच्या मोबाईलमधे नको, कारण तुम्ही नेमके मागच्या सीटवर झोपलेले असता.