कल्चरचा नमुना आणि काउंटरवरची बाटली

सासूबाईंची लघवीची जळजळ गोळ्यांनी थांबायची आणि कोर्स पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू व्हायची, म्हणून परभणीच्या डॉक्टरांनी नवे औषध न लिहिता आधी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून आणण्यास सांगितले.

जिंतूर तालुक्यातील आमच्या गावाजवळ नमुने गोळा करणारे केंद्र आहे. तपासणी मात्र छत्रपती संभाजीनगरला होते. लघवीचा नमुना 2 तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, अन्यथा सुमारे 4 अंशांवर थंड ठेवला पाहिजे, कारण ई. कोलायसारखा जिवाणू उबेत 20 मिनिटांत दुप्पट होऊ शकतो आणि त्वचेवरून मिसळलेले जिवाणूही वाढत राहतात. एप्रिलच्या उकाड्यात आमची बाटली मात्र काउंटरवरच्या ट्रेमध्ये संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत होती, आणि मागच्या फ्रिजमध्ये कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. विचारले तर उत्तर मिळाले, "गाडी आली की जातंय की, ताई." पुढे रिपोर्ट आला: मिश्र वाढ (म्हणजे अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र वाढलेले), नमुना पुन्हा पाठवावा. पैसे पुन्हा आम्हीच भरायचे. अँटिबायोटिक सुरू केले तर कल्चरमध्ये जिवाणू न वाढण्याची शक्यता असते, म्हणून तोवर सासूबाईंनी जळजळ सोसायची.

दुसरा नमुना मी बर्फाच्या डब्यात घालून स्वतः परभणीच्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. पहिली धार सोडून मधली घ्यायची, हे तिथल्या बाईंनी नीट समजावले. केंद्रावर ते कोणी सांगितलेच नव्हते. ई. कोलाय निघाला, मिलिलिटरमागे 1 लाखाहून अधिक, आणि आधी दिलेल्या सेफिक्झीम या अँटिबायोटिकलाच 'सेन्सिटिव्ह', म्हणजे त्या औषधाने मरायला हवा असा. मग तो मेला का नाही, असे मी जरा चिडूनच विचारले. डॉक्टर म्हणाले की हे औषध जिवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालते. जे मोजके जिवाणू वाढ थांबवून निपचित पडतात, ते त्यातून वाचतात आणि औषध थांबले की पुन्हा वाढू शकतात. पेनिसिलिनमधूनही असे काही जिवाणू वाचतात, हे जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच नोंदवले होते. हा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची जिवाणूची क्षमता, नव्हे, त्यामुळे तो नेहमीच्या रिपोर्टवर दिसत नाही. डॉक्टरांनी औषध बदलले, शिवाय मूत्राशयात लघवी उरते का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी करून घेतली.

पहिल्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ केंद्राने संध्याकाळची टाकली होती. बाटली सकाळी दिली होती. पावतीवर ती वेळ स्वतः वाचून घ्यावी, आणि मगच पैसे द्यावेत.